थांब, एकच मिनिट!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, वाडीत पाय टाकायची सोय नाही, त्यामुळे आमची धाकटी घरातच खेळत होती. ती साडेतीन वर्षांची आहे. तिने बाहुलीला उशीवर बसवले, तिच्यापुढे वाटी ठेवली आणि स्वतः पाय पसरून, साबणाचे रिकामे खोके हातात धरून बाजूला बसली. खोक्यावरून अंगठा खालून वर, खालून वर. मध्येच बाहुली काहीतरी बोलली असावी. धाकटीने मान वर न करताच तिला सांगितले, ‘‘थांब गं, एकच मिनिट.’’ थोड्या वेळाने पुन्हा, जरा चढ्या आवाजात, ‘‘सांगितलं ना, एकच मिनिट!’’

आम्ही दोघेही त्याच खोलीत होतो. दोघांच्याही हातात मोबाईल होते. आधी हसू आले. मग ते राहिले नाही. तो सूर घरातलाच होता, हे ओळखायला वेळ लागला नाही. तो मम्मीचा की पप्पांचा, यावरून मात्र रात्री आमचे थोडे वाजले.

बंधूभगिनींनो, मुले आणि मोबाईल हा विषय आता नवा राहिलेला नाही. शाळेच्या पालकसभेत तो निघतो, धर्मशिक्षणाचा वर्ग सुटायची वाट पाहत चर्चच्या अंगणात उभ्या असलेल्या मातांमध्ये निघतो, लग्नाच्या पंगतीतही निघतो. ‘आमचा मोबाईल लावल्याशिवाय घासच घेत नाही,’ असे आपण सांगतो. तक्रारीच्या सुरात सांगतो खरे, पण त्यात थोडे कौतुकही असते: ‘दोन वर्षांचा आहे, पण यूट्यूब स्वतः लावतो!’ या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट सहसा राहून जाते. दोन वर्षांचे मूल दुकानात जाऊन मोबाईल आणत नाही, त्याचे रिचार्ज करत नाही, रात्री तो चार्जिंगला लावत नाही. त्याच्या हातात तो कोणीतरी ठेवलेला असतो.

डॉक्टर मंडळींनी याबाबत स्पष्ट सांगून ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, आणि त्याहून कमी झाले तर अधिक चांगले. आपल्या देशातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही पुढे जवळजवळ हेच सांगितले: दोन वर्षांपर्यंत काहीच नको, दोन ते पाच वर्षांत तासाभराची मर्यादा. परगावच्या नातलगांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तेवढा त्यांनी वगळला आहे. आखातात काम करणाऱ्या काकाला पुतणीचा चेहरा दिसावा, यात त्यांना काही वावगे वाटत नाही. आम्हालाही नाही.

हे आकडे आम्हाला ठाऊक होते. थोरल्याच्या वेळी डॉक्टरांनी सांगितले होते, धाकटीच्या वेळी पुन्हा सांगितले. दोन्ही वेळा आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन करायचे तेच केले. तेव्हा प्रश्न माहितीचा नव्हता. मग कशाचा होता, हे शोधताना आम्हाला आमच्याच काही गोष्टी पुन्हा तपासाव्या लागल्या. त्या लिहिताना थोडा संकोच वाटतो, पण आपल्याच धर्मग्रामात लिहायचे तर संकोच किती धरायचा!

‘मुलगी हट्ट करते म्हणून मोबाईल द्यावा लागतो’ हे आमचे ठरलेले उत्तर. नीट आठवून पाहिले तेव्हा ते खरे नाही असे दिसले. पहिल्यांदा मोबाईल दिला तेव्हा ती दहा महिन्यांची होती. संध्याकाळची वेळ, मम्मी नुकतीच कामावरून आलेली, पप्पा अजून लोकलमध्ये, आजीचे गुडघे धरलेले, गॅसवर भाताचा कुकर आणि कडेवर किरकिरणारे मूल. मोबाईलवर गाण्यांची चित्रफीत लावून तो पाटाशी उभा केला आणि तिला समोर बसवले. ती गप्प झाली. कुकर उतरला, आमटीला फोडणी बसली, पोळ्याही झाल्या. किती बरे वाटले होते! पण तिने मोबाईल मागितला नव्हता. मोबाईल म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हते. तिला मम्मी हवी होती. मागितले एक आणि मिळाले दुसरे, असे चार-सहा महिने रोज झाले, आणि मग ती ते दुसरेच मागू लागली. त्याला आम्ही हट्ट म्हणू लागलो.

त्या संध्याकाळी मम्मीने पाप केले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट, या विषयावर बोलताना सगळा दोष आईच्या माथी मारला जातो, याचा आम्हाला राग आहे. पूर्वी आळीत चार घरे पुढे चुलती असे, मागे आत्या असे, विहिरीवर कोणीतरी कडेवर घेई. आज घराघरांत माणसे कमी झाली, बिल्डिंगमध्ये राहायला गेलेल्यांचे तर विचारूच नका. दिवसभर राबून आलेल्या बाईने वीस मिनिटे मागितली तर ती कोणाकडे मागायची? तिच्या घरी साडेआठला पोहोचलेला पुरुष हातपाय धुऊन सोफ्यावर बसतो आणि ‘दिवसभराचा शीण’ म्हणून स्वतःच मोबाईल उघडतो, तेव्हा ‘मुलीला सारखा मोबाईल देऊ नकोस’ हे सांगण्याचा त्याचा अधिकार किती उरतो? आमच्या घरातला पुरुष हे वाक्य लिहिताना शेजारीच बसला आहे आणि त्याने ते खोडलेले नाही.

तर गरज असणे हा दोष नाही. ‘आम्हाला वीस मिनिटे हवी आहेत’ हे खरे बोलणे आहे. ‘तिला आवडते म्हणून’, ‘त्यातून ती इंग्रजी शिकते म्हणून’ हे खरे बोलणे नाही. आणि आपली गरज आपण मुलाच्या नावावर मांडली की वीस मिनिटांचा तास कधी होतो ते कळत नाही, कारण आपली वीस मिनिटे मोजता येतात, मुलाची आवड मोजता येत नाही.

इंग्रजीचे निघालेच आहे म्हणून सांगतो. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या संशोधिकेने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांची बाळे, घरात फक्त इंग्रजी ऐकणारी. काही बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली, त्यांना पुस्तके वाचून दाखवली, अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या काही बाळांना अशाच बैठका पडद्यावर दाखवण्यात आल्या. समोर माणूस असलेली बाळे चिनी भाषेतले वेगळे उच्चार ओळखू लागली. पडद्यासमोर बसलेल्यांनी काहीच उचलले नाही. आवाज तसाच, शब्द तसेच, फक्त माणूस नव्हता. आपल्या आज्यांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते, असे कोणी म्हणेल. असेलही. पण आज्यांच्या हातातही आता मोबाईल आहे, म्हणून प्रयोग सांगावा लागतो.

आम्हाला मात्र खरा धक्का दुसऱ्या एका प्रयोगाने दिला. तो जुना आहे, १९७० च्या दशकातला, तेव्हा मोबाईल कोणाच्या स्वप्नातही नव्हता. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने काही महिन्यांच्या बाळांना त्यांच्या आईसमोर बसवले. आई आधी नेहमीसारखी बाळाशी बोलते, हसते, खेळते. मग तिला सांगण्यात येते की दोन-तीन मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेव, बाळाने काहीही केले तरी उत्तर देऊ नकोस. बाळ आधी गोंधळते. मग हसून पाहते, हात पुढे करते, बोट दाखवते, ओरडते. आतापर्यंत आईला हसवणाऱ्या आपल्या सगळ्या युक्त्या ते एकेक करून वापरते. काहीच चालत नाही तेव्हा ते तोंड फिरवते, अंग टाकून देते आणि रडते. पुढे काही संशोधकांनी आईच्या हातात मोबाईल देऊन असाच प्रयोग केला, तेव्हाही बाळे अस्वस्थ झाली.

हे वाचल्यावर आमच्या लक्षात आले की मोबाईलमध्ये पाहणाऱ्या माणसाचा चेहरा नेमका तसाच असतो. घरी एकदा एकमेकांकडे पाहून घ्या. कपाळ स्थिर, ओठ स्थिर, डोळे खाली. आम्ही मुलीच्या डोळ्यांसमोरचा पडदा मोजत होतो, तासाचा हिशेब ठेवत होतो. आमच्या चेहऱ्यावर पडणारा पडदा कोणीच मोजत नव्हते. कोणी म्हणजे मोठ्यांपैकी कोणी. बाहुलीचा खेळ पाहिल्यावर कळले की धाकटी तो मोजत होती.

२०१४ साली बॉस्टनमध्ये जेनी रडेस्की या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणावळींत बसून मुलांना घेऊन आलेल्या मोठ्या माणसांचे निरीक्षण केले. ५५ जणांपैकी ४० जणांनी जेवताना मोबाईल किंवा तसेच काहीतरी वापरले. ज्यांचे लक्ष त्यात पुरते अडकले होते, ते मुलाने काही दंगा केला की बऱ्याचदा तुटकपणे, कडकपणे बोलत. यात नवल काय! मूल दंगा करते तेच मुळी आपल्याकडे बघावे म्हणून, आणि आपण बघतो तेही रागावण्यापुरते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर जे प्रेषितीय बोधपत्र लिहिले, त्यातही जेवणाच्या टेबलाशी प्रत्येकाने आपापल्या मोबाईलमध्ये असण्याचा उल्लेख केला आहे. व्हॅटिकनपासून आपल्या आळीपर्यंत जेवणाचे टेबल सगळीकडे सारखेच झाले म्हणायचे.

इथे कोणी ज्येष्ठ म्हणतील, ‘तुमच्या लहानपणी आम्हीही टीव्हीच्या नावाने ओरडत होतो. तुम्ही बिघडलात का?’ हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला. मुंबई दूरदर्शन १९७२ साली २ ऑक्टोबरला सुरू झाले. आमच्या आईवडिलांच्या तरुणपणी अख्ख्या आळीत एखाददुसऱ्या घरी टीव्ही होता, आणि १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ लागे तेव्हा त्या घराच्या ओटीवर चपला ठेवायला जागा नसे, असे सांगतात. आमच्या शाळकरी वयात ‘शक्तिमान’ आला. आम्हीही गिरक्या घेतल्या, आम्हीही मार खाल्ला. आणि खरे सांगायचे तर पुढे मालिकांसाठी आमच्याच घरची रोझरी अर्धा तास पुढे-मागे झालेली आम्हाला आठवते. तेव्हा टीव्हीचा काळ सोन्याचा आणि मोबाईलचा वाईट, असे काही आम्ही म्हणणार नाही.

पण एक फरक आहे. टीव्ही कोपऱ्यात होता. कार्यक्रम संपला की संपला, लाइट गेली की सगळे अंगणात. तो पप्पांच्या खिशात नव्हता, मम्मीच्या उशाशी नव्हता. मूल पडले, रडत आले, तर आईला टीव्हीकडे पाठ करावीच लागे. मोबाईलला पाठ करावी लागत नाही. मूल मांडीत असते आणि मोबाईल त्याच्या डोक्यावरून हातात असतो.

दुसरा फरक आमच्या ध्यानात फार उशिरा आला. लहानपणी आमची मोठी माणसे काय करतात हे आम्हाला दिसत असे. आजोबा केळीच्या बागेत पाणी सोडत, आजी तांदूळ निवडी, मोगऱ्याच्या कळ्या खुडून दादरला जायच्या टोपल्या भरल्या जात, सुकेळी उन्हात घातली जात. आम्ही मध्ये लुडबुड करायचो, शिव्या खायचो, आणि कधी शिकलो ते कळलेही नाही. कागदावर हिशेब करणारा माणूस हिशेब करताना दिसे, प्रार्थनापुस्तक वाचणारा प्रार्थना करताना दिसे, वर्तमानपत्र वाचणारा वर्तमानपत्र वाचताना. आज लाइटबिल भरणे, बँकेचे काम, ऑफिसचे पत्र, दिवसाचे वाचन, भावाशी भांडण, सिनेमातल्या नटाचे लग्न आणि पत्त्यांचा खेळ, ही सगळी एकाच पाटीवर एकाच अंगठ्याने होतात. मुलाला बाहेरून काय दिसते? मान खाली घालून बसलेला माणूस.

आमच्या धाकटीच्या बोलीत ‘काम’ या शब्दाचा अर्थ काय झाला आहे, ते आम्हाला असेच एकदा कळले. मोबाईल मागायला आली आणि आम्ही नाही म्हटले, तर म्हणाली, ‘‘मला पण काम करायचंय.’’ वाडीत खुरपे घेऊन बसलेल्या आजोबांना ती काम करताना म्हणत नाही. ‘आजोबा मातीत खेळतात’ म्हणते.

तिची चूक नव्हती. ‘आत्ता नको, पप्पा काम करतायत’, ‘मम्मीचं ऑफिसचं आहे’ हे तिने शंभरदा ऐकले होते. ते किती खरे होते? आजकाल मोबाईलच स्वतःच्या वापराचा हिशेब ठेवतो. आम्ही दोघांनी एका रविवारी धीर करून तो उघडला. आदल्या दिवशी पप्पांचे चार तास दहा मिनिटे, मम्मीचे तीन तास. त्यात ज्याला काम म्हणता येईल असे काय ते मोजले. पप्पांचे चाळीस मिनिटे भरले. मम्मीचे त्याहून थोडे जास्त, आणि त्यावरून तिने दोन दिवस मान ताठ ठेवली. पण उरलेल्या वेळाचे काय? तो वेळ आम्ही मुलीला ‘काम’ म्हणून सांगितला होता. साडेतीन वर्षांच्या मुलाशी आम्ही रोज, सहज, गरज नसताना खोटे बोलत होतो.

इथे एक शंका येईल, आम्हालाही आली. मोठ्यांनी केलेले सगळे लहानांना करू द्यायलाच हवे असे थोडेच आहे? पप्पा मोटारसायकल चालवतात, मुलगा चालवत नाही. लग्नात मोठी माणसे वाइन घेतात, मुले सरबत घेतात. यात ढोंग नाही. मग ‘मोबाईल मोठ्यांचा आहे’ म्हटले तर ढोंग का व्हावे? आम्ही यावर बराच विचार केला. नियम वेगळा असण्यात अन्याय नाही, जोवर वेगळेपणाचे खरे कारण आपण मुलाला सांगू शकतो. ‘तुझे पाय ब्रेकला पोहोचत नाहीत’ हे कारण आहे, आणि मूल ते स्वतः बघू शकते. मोबाईलच्या बाबतीत आमच्याकडे असे कारण दिवसातल्या चाळीस मिनिटांपुरते होते. बाकीच्या वेळी आमच्यात आणि तिच्यात फरक एवढाच होता की आमच्या हातून तो काढून घेणारे घरात कोणी नव्हते.

थोरल्याची आठवण इथे सांगायला हवी. तो २०२० साली तीन वर्षांचा होता. मार्चअखेर टाळेबंदी आली, चर्चचे दरवाजे बंद झाले, आणि १२ एप्रिलचा ईस्टर आपण सर्वांनी घरात मोबाईलवर पाहिला. आम्ही जेवणाच्या टेबलावर स्वच्छ कापड घातले, मेणबत्ती लावली, स्टीलच्या पेल्याला टेकवून मोबाईल उभा केला आणि त्याच्यासमोर गुडघे टेकले. त्या दिवसांत तेच योग्य होते. दुसरा मार्ग नव्हता. पुढे कित्येक दिवस थोरला मोबाईल दिसला की हात जोडायचा. आम्ही त्याचे व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवले, सगळे खूप हसले. त्याच्या मागोमाग बालवाडीही त्याच मोबाईलवर आली. ज्या वस्तूला ‘हात लावू नकोस’ म्हणायचे, तिच्यासमोर ‘हलू नकोस, नीट बस’ म्हणू लागलो. मुलाने यातून काय समजावे? त्याला एवढेच समजले असणार की घरातली सगळी महत्त्वाची माणसे, प्रभूसुद्धा, त्या पेल्याला टेकवलेल्या वस्तूत असतात. त्याला दोष देण्याआधी आम्ही हे आठवतो.

आणि वर आपण तीच वस्तू बक्षीस म्हणून वापरतो. ‘सगळं जेवलास तर मोबाईल देईन’, ‘मिस्साला शांत बसलीस तर गाणं लावीन’. शिक्षाही तीच: ‘आज मोबाईल बंद!’ पेढा जसा सणाला मिळतो म्हणून मोठा, तसा मोबाईल आपण आपल्याच तोंडाने मोठा करून ठेवतो.

बाहुलीच्या प्रसंगानंतर आम्ही काय केले, ते सांगतो. फार काही केले असे नाही. प्रथम वेदीजवळ एक टोपली ठेवली. घरात आल्यावर मोबाईल टोपलीत, रोझरी आणि जेवण झाल्यावर बाहेर. चार दिवस धाकटीने आकांत केला. पाचव्या दिवशी ती विसरली. पप्पांना विसरायला जास्त दिवस लागले. मधल्या काळात त्यांचे न्हाणीघरात जाणे अचानक वाढले होते, हे थोरल्यानेच सर्वांसमोर सांगितले.

आजीचा प्रश्न नाजूक होता. दुपारी मुले तिच्याकडे असतात आणि भरवताना ती मोबाईल लावते. आम्ही शब्द जुळवून, जमेल तितक्या नम्रपणे तिला म्हटले, ‘‘आई, दुपारचा मोबाईल जरा कमी करता येईल का?’’ तिने भाजी निवडता निवडता उत्तर दिले, ‘‘करते की. पण दुपारी तो अर्धा तास असतो. तुम्ही घरात आलात की झोपेपर्यंत असतो. आधी कोणाचा करायचा?’’ त्यावर आम्ही काही बोललो नाही. दुपारचा तो अर्धा तास अजून चालू आहे, मात्र आता आजी शेजारी बसून पाहते आणि चित्रातल्या गाईला गोठ्यातल्या गाईचे नाव देते. डॉक्टरही म्हणतात की पाहायचेच असेल तर मोठ्यांनी सोबत बसावे, बोलावे.

टोपलीपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीचा आम्हाला अधिक उपयोग झाला, आणि ती टोपलीपेक्षा अवघड आहे. मुलांसमोर मोबाईल हातात घेतला तर काय करतो आहोत ते मोठ्याने सांगायचे, असे आम्ही ठरवले. ‘मामाला फोन लावतेय.’ ‘लाइटबिल भरतोय.’ ‘उद्याच्या लोकलचा पास काढतोय.’ ‘आजचं वाचन वाचतेय, तुलाही वाचून दाखवते.’ सुरुवातीला वेड्यासारखे वाटले. मग एक गंमत लक्षात आली. बरीच कामे मोठ्याने सांगता येतात. काही सांगता येत नाहीत. ‘माझ्या वर्गातल्या एका मुलाने घेतलेली नवी गाडी तिसऱ्यांदा बघतोय’, हे मुलीला कसे सांगायचे? ‘कंटाळा आलाय आणि तुझ्याशी खेळायचा त्याहून जास्त कंटाळा आलाय’, हे तर स्वतःलाही सांगवत नाही. तेव्हा हात थांबतो. कधी थांबतो, कधी थांबत नाही. मुले झोपल्यावर आम्ही दोघे अजूनही बघत बसतो, तो हिशेब इथे मांडत नाही.

मुलांच्या स्नानसंस्काराच्या वेळी आपण वेदीपुढे जे वचन देतो, त्यात मोबाईलचे नाव नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावरील घोषणापत्रात आईबाप हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले, तेव्हाही तो नव्हता. आम्ही हे वाक्य अनेक प्रवचनांत ऐकले आहे, आणि दर वेळी आम्हाला ते मुलांना काहीतरी शिकवायचे आहे असेच वाटत आले: प्रार्थना, पाढे, चांगल्या सवयी. आपण शिकवायला बसलेलो नसताना काय शिकवतो, हा त्याचा अर्थ साबणाच्या खोक्याने काढून दाखवला.

त्या खोक्याचे पुढे काय झाले, असे शेजारच्या काकूंनी विचारले. ते अजून आहे. परवा धाकटीने बाहुलीला पुन्हा उशीवर बसवले होते. आम्ही दाराआडून पाहत होतो, मोबाईल टोपलीत होते. तिने खोके हातात घेतले, त्यावर अंगठा फिरवला, आणि मग मान वर करून बाहुलीकडे नीट बघून म्हणाली, ‘‘लाइटबिल भरतेय हं.’’ बाहुलीने ऐकून घेतले असावे. मग बराच वेळ ती लाइटबिलच भरत बसली.